टाकी भरलेली, काटा अर्ध्यावर: जुन्या एमजीबीच्या पेट्रोल गेजचं वायरिंग

प्रश्न थोडक्यात असा. १९७२ ची एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), इंग्लंडमध्येच विकली गेलेली, निगेटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली. गंजलेली पेट्रोलची टाकी काढून नवी बसवली. तेव्हापासून टाकी काठोकाठ भरली तरी दिवसा काटा अर्ध्याच्या जरासा वर जाऊन थांबतो. रात्री लाइट लावले की तोच काटा हळूहळू रिकाम्याकडे सरकतो. टाकीतला सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी फ्लोटने मोजून गेजला कळवणारा भाग, नवा घालून पाहिला, फरक नाही. नंबरप्लेटचा दिवाही लागत नाही, पण ते वेगळं दुखणं म्हणून पत्राच्या शेवटी लिहिलंय. गॅरेजवाला म्हणतो, आता डॅशबोर्डातला गेज बदला. बदलावा का?

बदलू नका. गेज बहुतेक ठणठणीत आहे. तुमच्या वर्णनावरून गाडीत दोन दोष दिसतात आणि दोन्ही वायरिंगच्या जोडांचे आहेत. नंबरप्लेटचा दिवा हे तर वेगळं दुखणं नाहीच, त्यानेच मला दुसरा दोष सापडला. जुन्या ब्रिटिश गाड्यांचं वायरिंग हेच माझं काम आहे, आणि एका गंजलेल्या जोडापायी चांगला मूळ गेज काढून टाकलेला पाहिला की जीव तुटतो. पन्नास वर्षं टिकलेल्या त्या गेजच्या जागी त्याच तोलामोलाचा दुसरा मिळेलच असं नाही.

आधी वीज कुठून कुठे जाते ते डोळ्यांसमोर आणा. इग्निशन चालू केलं की पांढऱ्या वायरीतून करंट फ्यूजबॉक्सपर्यंत येतो. फ्यूज ओलांडला की वायर हिरवी होते. ही हिरवी डॅशबोर्डमागच्या व्होल्टेज स्टेबिलायझरला, म्हणजे गेजला ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या भागाला, जाते. तिथून फिकट हिरवी वायर गेजला, गेजमधून काळ्या पट्ट्याची हिरवी वायर अख्खी गाडी ओलांडून मागे टाकीवरच्या सेंडरला, सेंडरमधल्या रेझिस्टन्समधून काळ्या वायरीला, आणि काळी वायर बॉडीला. सगळं एकाच माळेत आहे. या माळेत कुठेही अडथळा आला तरी काट्याला तो सारखाच दिसतो. अडथळा सेंडरमध्ये आहे, इंजिनजवळच्या बुलेट कनेक्टरमध्ये (गोळीसारखं टोक कप्प्यात खोचायचा वायरीचा जोड) आहे की मागच्या अर्थला, हे काट्याला कळण्याची काही सोयच नाही.

तुमच्या गाडीतला गेज बायमेटलचा आहे. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. म्हणून किल्ली फिरवल्यावर काटा टुणकन न उडता सावकाश चढतो. करंट जास्त तर काटा वर, करंट कमी तर खाली. सेंडर याच्याशी जुळवलेला असतो: टाकी भरलेली असताना त्याचा रेझिस्टन्स सुमारे २० ओहम, अर्ध्यावर ६५-७० च्या आसपास, रिकामी होताना २४० च्या जवळपास.

आता हिशेब करा. टाकी भरलेली आहे, सेंडर प्रामाणिकपणे २० ओहम दाखवतोय. वाटेत एका जोडावर हिरवट गंज चढला आणि त्याने आणखी ३०-४० ओहम घातले, तर गेजला एकूण ५०-६० ओहम दिसतात. म्हणजे अर्ध्याच्या जरा वर. नेमका तुमचा दिवसाचा काटा! नवा सेंडर घालून फरक पडला नाही याचंही कारण हेच. जुना सेंडर खराब नव्हताच.

अशा जोडांबद्दल एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. हेडलाइटचा जोड खराब झाला तर तो तापतो, प्लॅस्टिक वितळतं, वास येतो, आणि तुम्हाला तो शोधावाच लागतो. पेट्रोल गेजच्या माळेतून जेमतेम एक दशांश अँपिअर करंट जातो. एवढ्याशा करंटने जोड तापत नाही आणि वरचा गंजाचा थर फुटतही नाही. बाहेरून सगळं घट्ट, स्वच्छ, रबराच्या नळीत झाकलेलं दिसतं. त्यामुळे नुसतं डोळ्यांनी पाहून ‘वायरिंग चेक केलं, ठीक आहे’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. मल्टिमीटर लावल्याशिवाय या माळेबद्दल काहीच बोलता येत नाही.

आता रात्रीची गोष्ट, कारण खरी गंमत तिथे आहे. सेंडरची काळी वायर आणि नंबरप्लेटच्या दिव्याची काळी वायर एकाच ठिकाणी एकत्र येत असावी आणि तो एकत्र जोड बॉडीपासून सुटलेला असावा, असा माझा अंदाज आहे. टाकी बदलताना तिथला बोल्ट निघाला असेल, किंवा कुणी सेंडरची वायर सोयीसाठी त्या दिव्याच्या वायरीत खोचली असेल. दिवसा लाइट बंद असताना सेंडरचा करंट बॉडीला जाऊ पाहतो, रस्ता सापडत नाही, मग तो उलटा नंबरप्लेटच्या दिव्याच्या तारेतून लाल वायरीत शिरतो आणि टेललाइटच्या तारांमधून त्यांच्या चांगल्या अर्थला पोचतो. थंड बल्बच्या तारेचा रेझिस्टन्स अगदी थोडा, दोन-चार ओहमचा असतो, म्हणून गेजला यातलं फारसं काही जाणवत नाही. रात्री लाइट लावले की त्याच लाल वायरीत १२ व्होल्ट येतात. परतीचा रस्ता बंद होतो, सेंडरची अर्थची बाजू थेट १२ व्होल्टच्या जवळ जाते, गेजमधून करंट वाहायचा थांबतो आणि काटा रिकाम्यावर बसतो. नंबरप्लेटच्या दिव्यालाही अर्थ नाही, म्हणून तोही लागत नाही. एकाच सुटलेल्या जोडाने दोन्ही तक्रारी उभ्या केल्या आहेत. तुमचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप मात्र व्यवस्थित चालतोय, म्हणजे त्याची अर्थ शाबूत आहे; तुटलंय ते या एकाच फांदीवर.

‘पण नवी टाकी तर बोल्टने बॉडीला कसलेली आहे, तिथून अर्थ मिळायला नको का?’ असं वाटणं साहजिक आहे. जुन्या टाकीला मिळतही होती, गंजलेल्या बोल्टांमधून का होईना. नव्या टाकीवर जाड रंग किंवा पावडर कोटिंग असतं, बोल्टाखाली रबर किंवा सीलंट असतो, आणि टाकी विजेच्या दृष्टीने बॉडीपासून अलग होते. टाकी बदलल्यानंतर पेट्रोलचा काटा वेडावाकडा वागायला लागणं ही फार ठरावीक तक्रार आहे. त्या वेळी सगळा भार बिचाऱ्या काळ्या वायरीवर येतो.

तपासणीला हात घालण्याआधी पेट्रोलबद्दल दोन शब्द, आणि ते खरंच मनावर घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठते. टाकीजवळचं काम उघड्यावर करा. जवळ हीटर, सिगारेट, साधा बल्बचा हँडलॅम्प काही नको. टाकीजवळच्या कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. सेंडरची वायर टाकीपाशी बॉडीला टेकवून ठिणगी पाडत तपासायची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. ती मला अजिबात मान्य नाही. तीच तपासणी पुढे, इंजिनच्या बाजूला सुरक्षितपणे होते.

पहिली तपासणी अर्थची, कारण ती सगळ्यात सोपी आहे आणि तुमच्या रात्रीच्या तक्रारीचा निकाल तिथेच लागेल. बॅटरी सुटी असताना मल्टिमीटरची एक क्लिप सेंडरच्या धातूच्या चकतीला लावा, दुसरी बॉडीच्या चकचकीत खरवडलेल्या जागेला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. मग बॅटरी जोडा, इग्निशन बंदच ठेवा आणि साइडलाइट लावा. ० च्या आसपास आकडा दिसला तर अर्थ चांगली. १०-१२ व्होल्ट दिसले तर वर सांगितलेली गोष्ट सिद्ध झाली. क्लिपा आधी लावायच्या आणि मग वीज द्यायची, हा क्रम उलटा करू नका.

दुसरी तपासणी गेजची. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून दोन रेझिस्टर आणा, एक २२ ओहमचा आणि एक ६८ चा, दोन्ही १ वॉटचे. पुढे इंजिन बेमध्ये जिथे मुख्य हार्नेस (वायरींचा जुडगा) मागे जाणाऱ्या हार्नेसला मिळतो तिथे बुलेट कनेक्टरांचा एक झुपका सापडेल. त्यातली काळ्या पट्ट्याची हिरवी वायर सोडवा आणि गेजकडून येणारं टोक २२ ओहमच्या रेझिस्टरमधून चांगल्या अर्थला जोडा. इग्निशन लावा, मिनिटभर थांबा. काटा फुलवर किंवा त्याच्या अगदी जवळ जायला हवा. ६८ लावला की अर्ध्यावर. हे दोन्ही झालं तर फ्यूज, स्टेबिलायझर, गेज आणि तिथपर्यंतचं वायरिंग या सगळ्यांची एका फटक्यात सुटका झाली. गॅरेजवाल्याला हे समोर दाखवा. काही जण रेझिस्टर न लावता वायर सरळ अर्थला टेकवतात. काटा फुलवर जातो खरा, पण त्याने फक्त ‘गेज जिवंत आहे’ एवढंच कळतं, तो बरोबर दाखवतो का ते कळत नाही. शिवाय बायमेटलला गरजेपेक्षा जास्त तापवण्यात काहीच फायदा नाही.

तिसरी तपासणी मागे जाणाऱ्या वायरीची. बॅटरी सुटी करा, काळ्या पट्ट्याची हिरवी वायर पुढच्या कनेक्टरपाशी आणि सेंडरपाशी, दोन्हीकडून सोडा. मीटर ओहमवर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. मीटरच्या केबल पोचत नसतील तर एखादी लांब वायर जोडून घ्या आणि तिचा रेझिस्टन्स वजा करा. चांगली वायर एक ओहमच्याही खाली येते. मोजत असताना मदतीला कुणी तरी घ्या आणि त्यांना प्रत्येक जोडापाशी वायर हलवायला सांगा. आकडा उड्या मारायला लागला की जागा सापडली. तुमच्या गाडीत हे ३०-४० ओहम बहुधा पुढच्या बुलेटमध्ये किंवा सेंडरवरच्या चपट्या टर्मिनलमध्ये निघतील. सेंडरवरच्या टर्मिनलला मागच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट लागतं, आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात त्या पाण्यात रस्त्यावरचं मीठ असतं. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांनाही खाऱ्या हवेने हाच रोग होतो.

आता दुरुस्ती. गंजलेला जोड नुसता घासून परत खोचला तर दोन-तीन महिने बरा चालतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न. वायर कापा. आतलं तांबं काळं पडलेलं असेल तर चकचकीत लाल तांबं दिसेपर्यंत थोडं थोडं मागे कापत जा. हा काळेपणा इन्सुलेशनच्या आत कित्येक सेंटिमीटर शिरलेला असतो, आणि काळ्या तांब्यावर सोल्डरही धरत नाही की क्रिंपही (वायरीवर चेपून बसवलेलं टोक) नीट बसत नाही. वायर तोकडी पडली तर त्याच रंगाचा, १ चौरस मिलिमीटरचा तुकडा जोडा. रंग तोच ठेवा. उद्या दुसरा कुणी या गाडीखाली झोपेल तेव्हा त्याला रंगावरूनच वाट काढायची आहे.

नव्या टोकांना पितळेचे बुलेटच लावा, मूळ होते त्याच ४.७ मिलिमीटर व्यासाचे. क्रिंप करत असाल तर त्यासाठीचा योग्य पकडच वापरा, साध्या पक्कडने चेपलेला बुलेट थोड्या दिवसांत सैल होतो. मला स्वतःला सोल्डर आवडतो: बुलेटच्या टोकाला भोक असतं, तिथून तार किंचित बाहेर काढायची, भोकात सोल्डर भरायचा, जास्तीचा घासून गोल करायचा. मात्र सोल्डर टाकीजवळ अजिबात करू नका. वायर बाहेर ओढून घेता येत नसेल तर तिथे क्रिंपच करा. रबरी नळीतला जुना धातूचा कप्पाही बदला. बुलेट नवा आणि कप्पा जुना ठेवला तर अर्धा गंज जागेवरच राहतो. खोचण्याआधी बोटभर व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन वीज वाहत नाही म्हणून काही जण लावायला घाबरतात, पण बुलेट घट्ट बसताना धातूला धातू टेकतोच, आणि उरलेल्या फटीत पाणी शिरत नाही. निळे-लाल प्लॅस्टिकचे क्रिंप, वायरीला चावा घेऊन जोडणारे क्लिप, आणि पीळ देऊन वर टेप गुंडाळलेले जोड गाडीच्या खालच्या बाजूला कुठेही ठेवू नका.

अर्थचं काम याहून सोपं, पण मन लावून करण्यासारखं आहे. सेंडरच्या काळ्या वायरीला नवी गोल लग (बोल्टासाठी भोक असलेलं धातूचं टोक) लावा. डिक्कीच्या बाजूला बॉडीवर जागा निवडा, लगएवढ्या वर्तुळात रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, दात्यांचा वॉशर घाला, बोल्ट कसा, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावा. क्रम महत्त्वाचा: आधी धातूला धातू, नंतर झाकण. नंबरप्लेटच्या दिव्याला त्याची स्वतःची वेगळी वायर आणि वेगळा बोल्ट द्या. दोघांनी एकच अर्थ वापरण्यात चूक काही नाही, पण वेगळे ठेवले तर पुढच्या वेळी एकाचा दोष दुसऱ्याच्या नावावर जात नाही. झाल्यावर सेंडरच्या चकतीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह क्लँपपर्यंत ओहम मोजा. एकच्या आत यायला हवा.

स्टेबिलायझरचा तुमच्या तक्रारीशी संबंध दिसत नाही, तरी तो समजून घ्या, कारण पुढेमागे उपयोगी पडेल. त्याचं काम गेजला सरासरी १० व्होल्ट देणं. जुन्या प्रकारात तोही बायमेटलच वापरतो: आतला संपर्क सतत जुळतो-सुटतो आणि सरासरी १० धरतो. त्यामुळे डिजिटल मीटर लावला की आकडा ० आणि १२ मध्ये नाचतो आणि लोक तो मेला म्हणून फेकून देतात. नाचतोय म्हणजे चालतोय. एकसारखे १२-१३ व्होल्ट दिसले तर संशय घ्या, आणि तेव्हाही आधी त्याच्या बॉडीची अर्थ पाहा. अर्थ सुटली तर संपर्क कायमचा जुळलेला राहतो, पूर्ण बॅटरी व्होल्टेज गेजला जातं आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. हा दोष तुमच्यापेक्षा वाईट, कारण तो भर रस्त्यात पेट्रोल संपवतो. आणखी एक: तुमच्या वर्षाच्या गाडीत तापमानाचा काटा बारीक नळीवर चालणारा यांत्रिक आहे, म्हणून ‘दोन्ही काटे चुकले तर स्टेबिलायझर’ हा नियम तुम्हाला लागू नाही. तो १९७७ पासूनच्या एमजीबींना लागू पडतो, कारण त्यांत तापमानाचा काटाही विजेवर आला.

सेंडर तुम्ही नवा घातलाच आहे. जुना फेकला नसेल तर मीटर लावून त्याचा हात टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहा. आकडा सलग बदलत गेला आणि फ्लोट हलवल्यावर आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला नाही, तर जपून ठेवा. नव्या सेंडरच्या सीलवरही लक्ष असू द्या. एमजीबीत सेंडर टाकीच्या उभ्या बाजूवर असतो, त्यामुळे सील गळलं तर पेट्रोल सरळ बाहेर येतं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पंपावरचं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालं, भारतात त्याहून जास्त, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, आणि इथेनॉलला न टिकणारं जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. सील इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचंच आहे का, विचारून घ्या.

भारतात अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्यांसाठी थोडं. अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तिचं जुनं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं; पद्मिनी फियाट ११०० ची. वायरी आणि जोड पाहण्याची पद्धत तिन्हींना सारखीच लागू आहे, पण माझे ओहमचे आकडे आणि रंग डोळे झाकून उचलू नका. आधी सेंडरची वायर सुटी करून काटा कुठे जातो ते पाहा, म्हणजे गेजची जात कळेल. काटा सावकाश सरकणारा आणि वायर सुटी असताना रिकाम्यावर बसणारा असेल तर तो वर सांगितलेल्या जातीचा. साधारण १९६४ पर्यंतच्या एमजीबींमध्ये मात्र स्टेबिलायझर नसलेला, कॉइलवर चालणारा गेज असतो. तो किल्ली फिरवताच झटकन उडतो आणि सगळं उलटं वागतो: वायर तुटली तर फुल, अर्थला टेकली तर रिकामी. आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, तेव्हा मीटरच्या क्लिपा आणि इलेक्ट्रॉनिक स्टेबिलायझर लावताना ते तपासून घ्या.

दोन्ही जोड झाले की तुमच्या गाडीची टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या, मग कॅनमधून दहा-दहा लिटर टाकत प्रत्येक वेळी काटा स्थिर झाल्यावर तो कुठे आहे हे कागदावर लिहा. टाकी १२ गॅलनची, म्हणजे साधारण ५४ लिटरची आहे. थोडा फरक राहिला तर सेंडरच्या फ्लोटचा दांडा किंचित वाकवून तो भागतो. गेजच्या मागे दोन बारीक भोकं दिसतील, आत काटा लावण्याच्या खाचा असतात. वायरिंग आणि अर्थ मोजून स्वच्छ झाल्याशिवाय त्यांना हात लावू नका, नाही तर जोडाचा दोष गेजमध्ये भरून ठेवाल आणि पुढे जोड नीट केल्यावर काटा दुसऱ्या बाजूला चुकेल.